हौसेचा हिशेब

'हौसेला मोल नसतं' असं आपण फार सहज म्हणून जातो. लेकीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणारा बाप म्हणतो, नाटकाच्या तालमींपायी नोकरी पणाला लावणारा तरुण म्हणतो, आणि पदरमोड करून दिवाळी अंक काढणारा संपादक तर दरवर्षी म्हणतो. सगळी नोकरी बँकेच्या खुर्चीत काढल्यामुळे मला या म्हणीवर पुरता विश्वास ठेवणं कधी जमलं नाही. एका खात्यात जमा पडली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ती नावे पडलेली असतेच. हौसेचंही मोल कुणीतरी मोजत असतं. ते कोण मोजतं आणि केव्हा, एवढाच प्रश्न असतो.

व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडने मात्र ही म्हण एका अख्ख्या खेळाचा नियम करून टाकली होती. तिथे क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. 'जंटलमन' म्हणजे हौशी, खेळण्याबद्दल पैसा न घेणारा. 'प्लेअर' म्हणजे व्यावसायिक, खेळून पोट भरणारा. दोघे एकाच संघातून खेळत, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. लॉर्ड्सवर मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाआधी 'मिस्टर' किंवा आद्याक्षरं लागत, व्यावसायिकाचं बहुधा नुसतं आडनाव. मायदेशी कप्तानी बहुतेक वेळा हौशी माणसाकडेच जायची. फलंदाजीची ऐट बरीचशी साहेबांकडे आणि दिवसभर घाम गाळायची गोलंदाजी बरीचशी कष्टकऱ्यांकडे. या दोन जातींमधला सामना १८०६ पासून खेळला जात होता आणि हा भेद कागदोपत्री मिटायला १९६२ साल संपत यावं लागलं. जात म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नसल्यामुळे ही व्यवस्था आपल्याला चटकन कळते.

या व्यवस्थेत वरच्या दाराने मैदानात उतरलेल्या एका माणसाची गोष्ट मला सांगायची आहे. त्याचं नाव अँड्र्यू अर्नेस्ट स्टॉडार्ट. डब्ल्यू. जी. ग्रेसची दाढी सगळ्यांना माहीत असते, रणजींच्या नावाचा तर आपल्याकडे करंडकच आहे. स्टॉडार्ट मात्र या दोघांच्या मधल्या फटीत हरवला. एके काळी इंग्लंडातच काय, ऑस्ट्रेलियातही त्याच्याइतका लाडका कप्तान नव्हता.

त्याचा जन्म ११ मार्च १८६३ चा, इंग्लंडच्या ईशान्येला साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी. वडील सधन व्यापारी. पुढे कुटुंब लंडनला आलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा शिक्का त्याच्यावर नव्हता, तरी घरच्या सुस्थितीमुळे तो आपोआप 'मिस्टर' झाला. व्यवसाय लंडनच्या शेअर बाजारात दलालीचा. देखणा, झुपकेदार मिशांचा, मृदू बोलणारा. १८८५ साली तो मिडलसेक्स काउंटीकडून खेळू लागला आणि पुढच्याच वर्षी त्याने एक अचाट प्रकार केला.

४ ऑगस्ट १८८६. हॅम्पस्टेड क्लब विरुद्ध स्टोइक्स, असा एका दिवसाचा क्लबचा सामना. आदली रात्र स्टॉडार्टने नाचात आणि पत्ते कुटण्यात घालवली आणि डोळ्याला डोळा न लावता तो मैदानावर आला, असं सांगतात. आला तो सलामीला उतरला आणि एकट्याने ४८५ धावा काढून बसला. हॅम्पस्टेडच्या झाल्या ८१३. स्टोइक्स बिचारे फलंदाजीला आलेच नाहीत, कारण दिवस संपला. डाव घोषित करायची मुभा त्या काळच्या नियमांत नव्हती. ती १८८९ मध्ये मिळाली. गंमत म्हणजे १८९३ साली लॉर्ड्सवर ग्रेसच्या गैरहजेरीत स्टॉडार्ट इंग्लंडचा कप्तान झाला, तेव्हा कसोटी सामन्यात डाव घोषित करणारा पहिला कप्तान तोच ठरला.

ते ४८५ कोणत्याही प्रतीच्या क्रिकेटमधली सर्वोच्च धावसंख्या होती. १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने नाबाद ६२८ करून ती मागे टाकली. त्या ६२८ ला मागे टाकायला जानेवारी २०१६ उजाडलं, आणि ते घडलं आपल्या कल्याणला. प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. हॅम्पस्टेडच्या शेअर दलालापासून कल्याणच्या रिक्षाचालकाच्या मुलापर्यंत आलेली ही साखळी मला फार आवडते. खेळाला स्वतःला जात नसते, हे तिच्याकडे पाहून पटतं.

स्टॉडार्ट नुसता क्रिकेटचा नव्हता. १८८७-८८ च्या हिवाळ्यात तो जी. एफ. व्हर्ननच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला. (याच व्हर्ननने पुढे हौशी खेळाडूंचा एक संघ हिंदुस्थानात आणला आणि जानेवारी १८९० मध्ये मुंबईत पारशांनी त्याला चार गडी राखून हरवलं. साहेबाला त्याच्याच खेळात हरवता येतं, हे मुंबईने तेव्हा पाहिलं.) क्रिकेटचा दौरा संपल्यावर स्टॉडार्ट तिथेच थांबला आणि ब्रिटनहून आलेल्या रग्बी संघात सामील झाला. त्या संघाचा कप्तान रॉबर्ट सेडन ऑगस्टमध्ये हंटर नदीत बुडून मरण पावला. शोकात बुडालेल्या त्या संघाची धुरा स्टॉडार्टने घेतली आणि दौरा पुरा केला. पुढे तो रग्बीतही इंग्लंडचा कप्तान झाला. हाती तेव्हा पंचविशीचं वय, अंगात रग, आणि खिशाची चिंता नाही. हौशी माणसाचं हे भाग्य कुणालाही हेवा वाटावा असं.

त्याच्या आयुष्यातलं सोनेरी पान म्हणजे १८९४-९५ ची ऑस्ट्रेलियातली मालिका. सिडनीच्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ५८६ केल्या, इंग्लंडला फॉलोऑन मिळाला. पाचव्या दिवसअखेर ऑस्ट्रेलियाला जिंकायला ६४ धावा हव्या होत्या आणि आठ गडी हातात होते. सामना गेलाच असं समजून डावखुरा फिरकी गोलंदाज बॉबी पील रात्री यथेच्छ प्यायला. रात्री पाऊस पडला, खेळपट्टी चिकट झाली. सकाळी स्टॉडार्टने पीलला थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली उभं केलं, असं सांगितलं जातं. पीलने डावात सहा बळी घेतले आणि इंग्लंड दहा धावांनी जिंकलं. फॉलोऑन मिळून कसोटी जिंकल्याचा हा पहिला प्रसंग. दुसरा १९८१ मध्ये लीड्सला घडला, आणि तिसरा आपल्याला तोंडपाठ आहे: २००१, ईडन गार्डन्स, लक्ष्मण आणि द्रविड.

मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत इंग्लंडचा पहिला डाव ७५ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात कप्तानाने स्वतः १७३ केल्या. त्याच्या एरवीच्या आक्रमक खेळाला न शोभणारी, संघासाठी तंगडत तंगडत उभी केलेली ती खेळी होती. ऑस्ट्रेलियात इंग्लंडच्या कप्तानाने केलेली ती सर्वोच्च धावसंख्या जवळजवळ ऐंशी वर्षं टिकली. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत आली आणि मार्च १८९५ मध्ये शेवटच्या कसोटीत जॅक ब्राउनच्या तुफानी १४० मुळे इंग्लंडने ती जिंकली. लंडनची वृत्तपत्रं समुद्राखालच्या तारेने आलेले वृत्तांत छापत होती. स्टॉडार्ट परतला तो राष्ट्राचा लाडका होऊन.

आता थोडं माझ्या खात्यातलं बोलतो. बँकेत असताना मी हजारो प्रवासभत्त्याची बिलं तपासली. बसने जाऊन टॅक्सीचं भाडं लावणाऱ्यांपासून मुक्काम मेहुण्याकडे करून हॉटेलचा खर्च मागणाऱ्यांपर्यंत सर्व नमुने पाहिले. त्यामुळे 'हौशी' खेळाडूंच्या खर्चाचे आकडे वाचताना माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी हौशी ग्रेसने घेतले १५०० पौंड. त्याच संघातल्या व्यावसायिकांना प्रत्येकी मिळाले १७०. १८९१-९२ च्या दौऱ्यात ग्रेसला ३००० पौंड मिळाले, वर बायकामुलांसह सरबराई. पैसा घेतला तर माणूस व्यावसायिक होतो, पण 'खर्च' घेतला तर होत नाही, एवढाच काय तो शब्दाचा खेळ!

ही वाफ एक दिवस बाहेर पडणारच होती. ऑगस्ट १८९६ मध्ये ओव्हलच्या कसोटीआधी पाच व्यावसायिकांनी मागणी केली की दहा पौंडांऐवजी वीस द्या. आयोजकांनी नकार दिला. तिघे माघार घेऊन खेळले, दोघे बाहेर राहिले. वर्तमानपत्रांनी उलट प्रश्न विचारला: या साहेब मंडळींना 'खर्चा'पोटी किती मिळतं? ग्रेसची बाजू सावरायला सरे क्लबने पत्रक काढलं की डॉक्टरांना सामन्यामागे दहा पौंडांहून अधिक दिलेलं नाही. बोटं स्टॉडार्टकडेही वळली होती. तो सामन्याच्या सकाळी संघातून बाहेर पडला. कारण दिलं सर्दीचं. पण लागली होती ती टीका, असंच जाणकारांनी मानलं.

मला या सर्दीत त्याचा सगळा स्वभाव दिसतो. ग्रेसची कातडी गेंड्याची होती. पाच जणांनी तोंडावर बोललं असतं तरी त्याने शांतपणे पहिला चेंडू खेळून काढला असता. स्टॉडार्ट मानी होता. त्याच्या लेखी 'मिस्टर' हा शब्द धावफलकावरची सोय नव्हता, ते त्याचं सर्वस्व होतं. त्यावर शिंतोडा उडाला आणि त्याने भांडण न करता दार लावून घेतलं. हेच त्याने आयुष्यभर केलं.

१८९७-९८ मध्ये तो पुन्हा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. सोबत तरुण रणजी होते. पहिल्या कसोटीच्या तोंडावर आई गेल्याची तार आली. स्टॉडार्ट खचला. पहिल्या दोन कसोटींत तो उतरलाच नाही. पाचातल्या फक्त दोनच खेळला. मालिका इंग्लंडने चार-एक अशी गमावली. प्रेक्षकांच्या हुर्ये-शेऱ्यांनी तो दुखावला गेला आणि जाताना तसं बोलूनही दाखवलं. तीन वर्षांपूर्वी याच प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. कसोटी क्रिकेट तिथेच संपलं: १६ सामने, ९९६ धावा. हजाराला चार कमी.

आणि मग १९००. जे. टी. हर्न हा मिडलसेक्सचा व्यावसायिक गोलंदाज. त्याच्या मदतनिधीसाठी लॉर्ड्सवर सॉमरसेटविरुद्धचा सामना ठरला. असा 'बेनिफिट' सामना म्हणजे व्यावसायिकाची जन्मभराची पुंजी. दाराशी जमलेला पैसा त्याचा. त्यातून कुणी खानावळ काढी, कुणी गुत्ता, कुणी बॅटी-चेंडूंचं दुकान. मित्राखातर स्टॉडार्ट मैदानात परतला आणि त्याने २२१ धावा केल्या. प्रथम श्रेणीतली त्याची ती सर्वोच्च खेळी. प्रेक्षक लोटले, हर्नच्या झोळीत नाणी पडली. स्टॉडार्टला मिळाल्या टाळ्या. काउंटी क्रिकेटमधला त्याचा हा निरोपच ठरला.

माझ्यातला कारकून इथे थबकतो. एकाच सामन्यात एकाची निवृत्तीची सोय झाली, आणि ज्याच्या बॅटीतून ती झाली तो स्वतः निवृत्तीकडे रिकाम्या हाताने चालला होता. त्याच्यासाठी असा सामना भरवताच आला नसता. 'मिस्टर'ला मदत मागता येत नाही. नियम तसाच होता.

पुढची पंधरा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही, आणि दुखणं नेमकं तेच होतं. तो काही काळ गोल्फ क्लबात आणि मग लंडनच्या क्वीन्स क्लबमध्ये सचिव झाला. ज्या माणसाच्या नावावर हजारो लोक जमत, तो आता इतरांच्या खेळाची व्यवस्था बघत होता. १९०६ मध्ये लग्न केलं, मूलबाळ झालं नाही. प्रकृती साथ देईना. पैशाची ओढाताण सुरू झाली. महायुद्ध पेटलं आणि चिंता वाढल्या. ३ एप्रिल १९१५, ईस्टरचा शनिवार. लंडनमधल्या राहत्या घरी स्टॉडार्टने आपलं आयुष्य संपवलं. वय बावन्न. त्याच वर्षी जूनमध्ये व्हिक्टर ट्रंपर गेला आणि ऑक्टोबरमध्ये ग्रेस. एका युगाचीच ती अखेर होती.

पैसा असता तर तो वाचला असता, असं म्हणणं सोपं आहे. पण माझं मन एवढ्यावर खातं बंद करायला तयार होत नाही. आर्थर श्रुजबरी हा त्या काळातला सर्वोत्तम व्यावसायिक फलंदाज. क्रीडासाहित्याचा स्वतःचा धंदा असलेला, हिशेबी माणूस. त्यानेही १९०३ मध्ये हाच मार्ग पत्करला. १८९५ मध्ये स्टॉडार्टच्या संघाविरुद्ध ॲडलेडला पदार्पणातच आठ बळी घेणारा अल्बर्ट ट्रॉट पुढे इंग्लंडात व्यावसायिक झाला, आजाराने आणि दारिद्र्याने गांजला. त्याची अखेरही १९१४ मध्ये अशीच झाली. एक मानी हौशी, एक सुस्थितीतला व्यावसायिक, एक कफल्लक. तिघांच्या दुखण्यांची कारणं निराळी असतील. तिघांत समान दिसतं ते एवढंच की टाळ्या थांबल्या होत्या, आणि त्यानंतर सकाळी उठून कशासाठी कपडे चढवायचे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आपल्याकडे याच साहेबांच्या खेळाची दुसरी बाजू पुण्यात दिसली. पुणे क्लबात पळवणकर बाळू महिना चार रुपयांवर नोकरीला होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. बॅट हाती यायची नाही, ती साहेबांची. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. साहेबाची हौस अशी कुणाच्या तरी खांद्यावर उभी होती, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

पण मुंबईने पुढे एक उपाय शोधून काढला, आणि त्याचं मला बँकवाला म्हणून कौतुक आहे. कंपन्यांनी आणि बँकांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते, दिलीप सरदेसाई एसीसीमध्ये, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शील्डच्या सामन्यांत ही मंडळी आपापल्या कार्यालयांसाठी खेळत. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्या घरी हरवलं, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे बँकेत लागल्यावर कळलं की असा खेळाडू मॅच संपल्यावर टेबलाशी येऊन बसतो, खातेदाराशी बोलतो, बढतीची वाट पाहतो, साठीला हार घालून घेतो आणि पेन्शनीत निघतो. त्यात वैभव नव्हतं. पण खेळ संपल्यावरही त्याला एक खुर्ची होती, डबा खायला चार माणसं होती, कुणीतरी 'काय हो, आज उशीर?' असं विचारणारं होतं. त्या प्रश्नाची किंमत कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या त्या बँक सुटल्यावर, रात्री जेवणानंतर. 'हौस म्हणून लिहिता का?' असं लोक विचारत, आणि मी हो म्हणत असे. निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी नऊ-दहाची लोकल माझ्याशिवाय गेली, तेव्हा मात्र ध्यानात आलं की हौस ही फावल्या वेळात शोभते, कारण तिच्या भोवती न फावलेला वेळ असतो. तो गेला की हौसेलाच सगळा दिवस पेलावा लागतो. माझ्या सुदैवाने घरात बोलणारी माणसं होती. बायकोने आठव्या दिवशी दळणाचा डबा हातात दिला आणि माझी गिरणीपर्यंतची नेमणूक पक्की झाली.

स्टॉडार्टला मी दुबळा म्हणणार नाही. चिकट खेळपट्टीवर आणि बुडालेल्या कप्तानाच्या जागी उभं राहायला दुबळा माणूस धजत नाही. त्याच्या समाजाने त्याला एक गोष्ट मात्र शिकवली नाही: अडचण बोलून दाखवण्यात कमीपणा नसतो. डेव्हिड फ्रिथ यांनी १९७० मध्ये त्याचं चरित्र लिहिलं आणि त्याचं नाव पुन्हा उजेडात आणलं. मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी.

तुमच्या सोसायटीत, वाड्यात, नात्यात असा एखादा 'मिस्टर' नक्की असेल. कधीकाळी कबड्डीचं मैदान गाजवलेला, राज्य नाट्यस्पर्धेत पदक मिळवलेला, गणपतीच्या मेळ्यात गायलेला. आता गॅलरीत पेपर घेऊन बसलेला, विचारलं की 'मजेत' म्हणणारा. आज रविवार आहे. चहाच्या वेळी त्याच्याकडे जाऊन बसा आणि त्याची ती जुनी खेळी पहिल्या चेंडूपासून सांगायला लावा. पण ती संपली की लगेच उठू नका. सध्या काय चाललंय, हेही विचारा, आणि 'मजेत' एवढ्या उत्तरावर त्याला सोडू नका.